दोन बोटं माया

मनामाच्या बाजारात, सोनारांच्या गल्लीला पाठ करून
एक दुकान होतं.
पाटीवर अबू जासीमचं नाव,
मशीनवर माझे वडील.
अकरा वर्षं त्यांनी थोब शिवले,
पांढऱ्यावर पांढरा दोरा.
डोळे तिथेच राहिले, असं सांगतात,
कुणी छत्री विसरल्याचं सांगावं तसं.

दुकान मोडताना अबू जासीमने मला बोलावून घेतलं.
‘उस्ताद रघुवीरची मुलगी ना? हे तुझं.’
मापांची वही.
हाजी युसुफ, लांबी अठ्ठावन्न, गळा साडेसोळा.
इब्राहिम पोस्टवाला, डावा खांदा उतरता, बोलू नये.
आणि मध्येच एक दुमडलेलं पान :
सुमन, वय पाच, छाती अंदाजे.
सुमन, वय सात, उंची अंदाजे.
मधू, बाही, अंदाजे.
आमचं सगळं लहानपण
त्या एका शब्दात बसवलेलं.

आई लांज्याहून दोरा पाठवायची.
मला भिंतीला टेकवून उभं करायची,
टाळूपासून टाचेपर्यंत दोरा,
छातीपाशी गाठ, कमरेपाशी गाठ,
मग गुंडाळून पाकिटात.
पाकिटाला लागायचा महिना,
शिवलेलं घेऊन येणारा माणूस मिळायला आणखी तीन.
तोवर मी दोऱ्याच्या पुढे निघून गेलेली असे.
म्हणून ते शिवणीच्या आत
दोन बोटं माया ठेवत.

आत दडवलेल्या जास्तीच्या कापडाला
शिंपी माया म्हणतात.
हे मला फार उशिरा कळलं.
मी समजत होते,
ह्या माणसाला आपलं माप ठाऊक नाही.

मधूने तर एकदा शर्ट अंगणात भिरकावला.
‘ह्यात दोघं मावतील. दुसरा तो स्वतःच येऊ दे.’
आईने उचलला, झटकला, घडी घातली
आणि पत्रात लिहिलं, छान बसला.
तेही आहे वहीत. मधूच्या बाहीपुढे,
तारीख घालून :
छान बसला.

ते परतले तेव्हा मधूला मिसरूड फुटलेली.
एका घरात नऊ वर्षं
दोघं भिंतीशी बोलले.
मग लग्नाचा कोट निघाला
आणि मधू न सांगता त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला.
छातीभोवती टेप. दोन्ही हात पाठीमागे पोचलेले.
एवढा वेळ लागत नाही कुणाला माप घ्यायला.
‘श्वास सोड,’ ते म्हणाले.
त्याने सोडला.

मी आता मुहर्रकला असते.
नवरा एसीच्या कंपनीत, मुलगी तिसरीत,
मराठी बोलते ती शेवटी अरबी हेल काढून.
शुक्रवारी आजोबा व्हिडिओवर येतात,
म्हणजे त्यांचा कान येतो,
फोन ते कानालाच लावतात.
‘केवढी झाली?’ कान विचारतो.
‘एवढी!’ ती हात उंच करते.
कानाला कसं दिसणार?

मी तिला फ्रिजला टेकवून उभं केलं.
‘मम्मा, फोटो पाठव ना.’
‘हलू नकोस.’
छातीपाशी गाठ, कमरेपाशी गाठ.

फ्रॉक आला चार महिन्यांनी,
शेजारच्या प्रभुदेसायांच्या बॅगेतून,
फणसपोळीचा वास लागलेला.
टाके वाकडे.
सुईत दोरा दर वेळी मधूने ओवून दिला म्हणे,
ऑफिसला जायच्या आधी चार-पाच सुया
ओवून ठेवून जायचा.

फ्रॉक तिच्या खांद्यावरून घसरतो.
ती आरशापुढे गिरकी घेते,
‘ह्यात मी दोनदा मावेन!’
मी शिवण उलटी करते,
बोटं ठेवून बघते.

दोन नाहीत.
चार.

म्हणजे ती चौदाची होईपर्यंत
मला नुसतं
उसवायचं आहे.